शब्द ओठांवर नसले तरी…

पूरक व पर्यायी संवाद : थोडक्यात

- म्हणजे काय? बोलण्याला जोड देणारी किंवा त्याची जागा घेणारी साधनं. सेरेब्रल पाल्सी, एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा आजार), पक्षाघात, ऑटिझम अशा स्थितींत उपयोगी.
- साधे फलक : साहाय्यक अक्षरांच्या ओळींवरून बोट फिरवतो. हवी ती ओळ आली की व्यक्ती पापणी मिटते. मग त्या ओळीतलं अक्षर. ‘पाणी’साठी प, काना, ण, दुसरी वेलांटी अशा चार निवडी. चित्रफलकावर पेल्याचं एकच चित्र पुरतं.
- बोलणारी साधनं : निवडलेलं चित्र किंवा टाइप केलेलं वाक्य मोठ्यानं उच्चारणारी यंत्रं व ॲप.
- निवड कशी? बोट, एकच मोठं बटण, डोक्याची हालचाल किंवा नजर. नजर टिपणारा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशाच्या मदतीनं बुबुळाचा रोख ओळखतो.
- बोलण्याच्या दोन अडचणींतला फरक : डिसार्थ्रियात उच्चाराच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो, भाषा शाबूत राहते. अफेजियात भाषेवरच परिणाम होतो.
- भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग : १९८५मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर आवाज गेला. पुढे गालाच्या हालचालीनं संगणकावर शब्द निवडत.
- मराठीत : आयआयटी मुंबईत विकसित झालेलं ‘जेलो’ हे चित्राधारित मोफत ॲप.
- कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार. वाचा व भाषा दिव्यांगत्व त्यांत समाविष्ट. ‘संवादा’च्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतीही.