हिशेबतपासनिसाची उमेदवारी आणि कलाशाखेचा पदवीधर

बी. ए. झाल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला शेवटच्या वर्षी पडतोच. त्याची उत्तरेही ठरून गेल्यासारखी असतात. कोणी बी. एड. करतो, कोणी एम. ए. ला नाव घालतो, कोणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत जागा धरतो. चार्टर्ड अकौंटंटच्या कार्यालयात उमेदवारी करावी, असे म्हणणारा कलाशाखेचा विद्यार्थी मात्र सहसा आढळत नाही. ती वाट वाणिज्य शाखेची, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत खरी नाही. या उमेदवारीचे दार आपल्यालाही उघडे आहे. ते कोठे आहे, आत काय काम असते आणि त्यासाठी काय किंमत द्यावी लागते, याची माहिती आपल्या विद्यार्थी मित्रांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उमेदवार कोणास म्हणावे?

आज ‘उमेदवार’ म्हटले की निवडणूक आठवते. पूर्वी सरकारी कचेऱ्यांतून बिनपगारी राबत, काम शिकत, नेमणुकीची वाट पाहणाऱ्या तरुणासही उमेदवारच म्हणत. ‘उमेद’ म्हणजे आशा. त्या आशेवर तो राबत असे. हिशेबनिसांच्या व्यवसायाने ही पद्धत आजही टिकवली आहे. तिला ‘आर्टिकलशिप’ असे म्हणतात. ‘आर्टिकल’ म्हणजे येथे लेख नव्हे, तर कराराचे कलम. उमेदवार आणि त्याचे गुरू यांच्यात कलमवार लेखी करार होतो. गुरूने काम शिकवावे, उमेदवाराने प्रामाणिकपणे सेवा करावी आणि अशिलाची गुपिते बाहेर फोडू नयेत, असा त्याचा मथितार्थ असतो. ही रीत इंग्लंडातून आपल्याकडे आली. तेथे एके काळी उमेदवाराच्या वडिलांनाच फर्मला मोठी रक्कम भरावी लागे, तेव्हा कोठे मुलाला प्रवेश मिळे. आता उलट उमेदवारालाच दरमहा काही विद्यावेतन मिळते, ही प्रगतीच म्हणावयाची!

भारतात या व्यवसायाला आजचे रूप आले ते १९४९ च्या चार्टर्ड अकौंटंट्स कायद्याने. त्याच वर्षी १ जुलैला ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकौंटंट्स ऑफ इंडिया’ ही संस्था अस्तित्वात आली आणि जी. पी. कपाडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. परीक्षा, उमेदवारी आणि व्यवसायाची शिस्त या तिन्ही गोष्टी हीच संस्था पाहते. तिची एक शाखा कोल्हापुरातही आहे.

मात्र हिशेब तपासण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. शिवकालीन राज्यकारभारात जमाखर्च पाहणारा मुजुमदार अर्थात अमात्य हा अष्टप्रधानांपैकी एक होता. आपल्या जिल्ह्यातील बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती, ते रामचंद्रपंत अमात्य याच पदावरचे. ‘फडणीस’ हा शब्द फारसीतील ‘फर्दनवीस’ म्हणजे ताव लिहिणारा, यावरून आला. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. संगणकाच्या पडद्यावर ‘टॅली’ उघडली तरी आत नांदतात ती हीच मंडळी, फक्त नावे इंग्रजी झाली आहेत.

दार कोठे आहे?

बारावीनंतर या मार्गाला लागणाऱ्यास प्रथम ‘फाउंडेशन’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीधरास ती माफ आहे. वाणिज्य पदवीधरास त्यासाठी पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात, आणि इतर शाखांच्या पदवीधरास ६० टक्के. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, विषय कोणताही चालतो. पदवीच्या अखेरच्या वर्षाला असतानाही तात्पुरती नोंदणी करता येते. म्हणजे आपल्या दृष्टीने साठ टक्के हाच खरा उंबरठा आहे. त्याचा विचार शेवटच्या निकालानंतर न करता दुसऱ्या वर्षालाच केलेला बरा.

नोंदणीनंतर आठ महिन्यांच्या अभ्यासाने ‘इंटरमीजिएट’ परीक्षेस बसता येते. तिचे दोन गट आणि एकूण सहा प्रश्नपत्रिका. हिशेबशास्त्र, कंपनी व अन्य कायदे, करआकारणी, परिव्यय हिशेब, लेखापरीक्षण आणि वित्तव्यवस्थापन असे विषय आहेत. प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटात सरासरी ५० टक्के गुण लागतात. २०२३ साली लागू झालेल्या नव्या योजनेनुसार दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावरच उमेदवारी सुरू होते. तत्पूर्वी संगणक आणि व्यवसायपरिचय यांचे प्रत्येकी पंधरा दिवसांचे वर्ग पुरे करावे लागतात. उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती, ती आता दोन वर्षांची झाली आहे. ती संपल्यावर सहा महिन्यांचा अभ्यास आणि मग अंतिम परीक्षा. कोठेही न अडखळता गेले तरी पदवीनंतर साडेतीन वर्षे मोजावीत.

येथे दोन अडचणी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठी नाही. ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले, त्यांना पहिले सहा महिने विषयापेक्षा भाषेशीच अधिक झुंजावे लागते. दुसरे असे की, अंतिम परीक्षेचे दोन्ही गट एकदम देणाऱ्यांपैकी उत्तीर्ण होणारे बरेचदा शेकडा वीससुद्धा नसतात. उत्साहाच्या भरात हा आकडा विसरू नये.

कामाचे स्वरूप

उमेदवार कार्यालयात जाऊन नेमके करतो काय? पुस्तकी व्याख्या देण्यापेक्षा आपल्या गावाकडचेच उदाहरण घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे दूध सकाळ-संध्याकाळ संस्थेत जाते. माप होते, फॅट लागते, वहीत नोंद होते आणि ठरल्या दिवशी बिल मिळते. आता या संस्थेचा हिशेब तपासावयाचा आहे असे समजा.

एका दिवशी सभासदांकडून ६२० लिटर दूध आल्याची नोंद आहे. संघाच्या गाडीच्या पावतीवर ५७० लिटर आहे. मग ५० लिटर गेले कोठे? स्थानिक विक्रीच्या वहीत ४५ लिटर सापडतात. त्याचे पैसे त्याच दिवशी कीर्दीस जमा आहेत काय, हे पाहावे लागते. तरी ५ लिटर उरतातच. ती मापातली घट असेल, नासलेले दूध असेल, किंवा आणखी काही. अशी घट एकाच दिवशी आहे की रोज आहे? रोज पाच लिटर म्हणजे वर्षाला १,८२५ लिटर! बिलवाटपाच्या यादीवर सह्या आहेत, पण त्या सभासदांच्याच आहेत काय? जो सभासद वर्षापूर्वी वारला, त्याच्या नावे दूध येत राहिले नाही ना?

लेखापरीक्षण म्हणतात ते हेच. नोंदीच्या मागे पावती, पावतीच्या मागे व्यवहार आणि व्यवहाराच्या मागे माणूस आहे की नाही, हे शोधीत जाणे. प्रत्येक जमेला आणि प्रत्येक नावेला पुरावा मागणे. ‘ऑडिट’ हा शब्दच मुळी ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासनीस तो ऐकत असे.

उचगावसारख्या गावातून येणाऱ्या उमेदवाराला तर शिकण्याजोगी दुनिया हाकेच्या अंतरावर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या या गावाला चिकटूनच गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ती उभी केली. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. कोल्हापुरात गुळाची पेठ, हुपरीत चांदीकाम, इचलकरंजीत यंत्रमाग. कापडाच्या गोदामातील गठ्ठे मोजणे निराळे आणि फाउंड्रीतील कच्चे लोखंड, भंगार आणि वितळताना होणारी घट यांचा मेळ घालणे निराळे. गुळाच्या अडत्याचा व्यवहार आणखी वेगळा. उमेदवाराला हे सारे आपल्या डोळ्यांनी पाहावयास मिळते.

वर्षाचे चक्रही ठरलेले असते. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांची तपासणी, पुढे विवरणपत्रे, सप्टेंबरअखेरपर्यंत लेखापरीक्षण अहवाल आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा यांची एकच घाई. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला, त्याची विवरणे तर महिन्याच्या महिन्याला असतात. नियमाने आठवड्याला ३५ तास काम असले, तरी मुदतीच्या दिवसांत घड्याळाकडे पाहून चालत नाही. आरंभीचे काही आठवडे पावत्या लावणे, झेरॉक्स काढणे, नोंदी भरणे यातच जातात. त्याचा कंटाळा करू नये. पावत्या लावणाऱ्यालाच पुढे पावतीतील खोट चटकन दिसते.

एका खुणेची किंमत

तपासलेल्या नोंदीपुढे उमेदवार एक लहानशी खूण करतो. ‘मी हे पाहिले’ असा तिचा अर्थ. शंभर पावत्या पाहावयाच्या असतात, वेळ थोडा असतो, समोरचा हिशेबनीस ओळखीचा असतो, चहा आलेला असतो. न पाहताच खूण करण्याचा मोह येथेच होतो.

या मोहाची परिणती काय होते हे आपण पाहिले आहे. ‘सत्यम’ कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेकडून स्वतंत्रपणे दाखला मागविणे हा तपासनिसाचा पहिला धडा. तोच तेथे नीट गिरविला गेला नव्हता. आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे. एकाच उद्योगसमूहाची बुडीत कर्जे झाकण्यासाठी तेथे एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचे तपासात पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला स्वतःच्याच पैशांतून प्रथम फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांची पेन्शन, मुलीच्या लग्नाची पुंजी, आजारपणाची तरतूद तेथे होती, त्यांनी ताळेबंद कधी वाचला नव्हता. कोणीतरी तो पाहून सही केली आहे, एवढ्याच विश्वासावर त्यांनी पैसे ठेवले होते. सहकाराच्या या जिल्ह्यात पतसंस्था, बँका, दूधसंस्था, साखर कारखाने यांत आपल्याच घरचे पैसे आहेत. त्यामुळे त्या लहानशा खुणेचा संबंध आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

घरची बाजू

या मार्गावर सर्वांत मोठा अडसर अभ्यासाचा नसतो, घरखर्चाचा असतो. पदवी झालेला मुलगा वा मुलगी आता चार पैसे आणील अशी घरची अपेक्षा असते. विद्यावेतनाची किमान रक्कम संस्थेच्या नियमांनी, शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते. ती दुसऱ्या वर्षी वाढते, पण त्यावर घर चालत नाही. पुण्या-मुंबईत ती जास्त असली तरी खोलीभाडे आणि खाणावळ ती गिळून टाकतात. उचगावचा उमेदवार मात्र घरचा डबा घेऊन सायकलीवरून किंवा के. एम. टी. ने कोल्हापुरात कामावर जाऊ शकतो.

फर्मची निवड करताना हाही विचार करावा. मोठ्या शहरातील मोठ्या फर्ममध्ये मोठ्या कंपन्यांचे काम पाहावयास मिळते, पण बरेचदा त्यातील एकच भाग वाट्याला येतो. लहान गावच्या फर्ममध्ये उमेदवाराला कर, लेखापरीक्षण, बँकेची प्रकरणे असे सारेच हाताळावे लागते. करार झाल्यावर तो अर्ध्यावर सोडून दुसरीकडे जाणे सोपे नसते. म्हणून सही करण्यापूर्वी तेथील जुन्या उमेदवारांना भेटून यावे. काम शिकवतात काय, परीक्षेला रजा देतात काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

ज्यांना एवढा काळ थांबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तिला बसता येते आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट तिने खुली होऊ शकते. नोकरी सांभाळूनही तिचा अभ्यास करता येतो.

आपली शिदोरी

कलाशाखेचा विद्यार्थी या कामी उणा पडतो काय? हिशेबशास्त्र त्याला पहिल्या पायरीपासून शिकावे लागते, हे खरे. परंतु इतिहासाच्या तासाला आपण काय शिकलो? एखादे पत्र अस्सल की बनावट, ते कोणी, केव्हा, कशासाठी लिहिले, दुसऱ्या साधनाशी ते जुळते काय. व्हाउचर तपासताना हेच प्रश्न विचारावयाचे असतात. भाषेच्या अभ्यासाने नेमके लिहिणे येते, आणि लेखापरीक्षण अहवालात एका शब्दाच्या फरकाने अर्थ पालटतो. इंग्लंडात इतिहास किंवा साहित्य घेऊन पदवीधर झालेल्या तरुणांना मोठमोठ्या फर्मा उमेदवार म्हणून घेतात, ते उगाच नव्हे. आपल्याकडील नव्या अभ्यासक्रमातही निवडीच्या विषयांत राज्यघटना व वकिलीची कला, तसेच मानसशास्त्र व तत्त्वज्ञान यांना स्थान मिळाले आहे.

असो. प्रत्येकाने या वाटेने जावे असे मुळीच सुचवावयाचे नाही. आकड्यांची नावड असेल, घरची निकड मोठी असेल, तर दुसरे मार्ग आहेत आणि तेही तितकेच मानाचे आहेत. मात्र ‘आपण आर्ट्सचे’ म्हणून हे दार न ढकलताच माघारी फिरू नये. आणि ज्यांनी ते ढकलले, त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच पथ्य सांभाळावे. कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्यापुढे खूण करू नये.