तोल सांभाळणाऱ्या गाडीवर पिशवी कोठे अडकवाल?

वेळूची हातभर काठी तळहातावर उभी धरून पाहा. काठी पुढे कलली की हात पुढे न्यावा लागतो, मागे कलली की मागे. काठीचे बूड तिच्या गुरुत्वमध्याखाली आणण्याची ही सारी धडपड असते. आषाढीच्या वाटेवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायांचे पायही हेच करतात, आणि तेही इतक्या सहज की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी डिसेंबर २००१ मध्ये ‘सेगवे’ नावाची जी गाडी जगापुढे आणली, तिची सारी करामत हीच. हिची दोन चाके सायकलसारखी एकामागे एक नसून शेजारी-शेजारी असतात. मध्ये उभे राहायला फळी आणि समोर धरायला दांडा. फळी किती कलली हे जायरोस्कोप जातीचे पाच संवेदक सतत मोजतात आणि सेकंदाला सुमारे शंभर वेळा चाकांच्या मोटारींना हुकूम सुटतो. तुम्ही पुढे झुकलात की चाके पुढे धावून तुमच्या खाली येतात. मागे रेललात की गाडी थांबते. वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत. याच तत्त्वावरच्या स्कूटर जून २०२० मध्ये मुंबई पोलिसांना समुद्रकिनाऱ्यावरील गस्तीसाठी मिळाल्या. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात मूळ सेगवेचे उत्पादन बंद झाले!

समजा, अशी एक गाडी घेऊन तुम्हांला पंढरपुरास जायचे आहे. बरोबर काय काय घ्याल?

पहिले हेल्मेट. हिला सायकलसारखा ब्रेक नाही. चाक एकाएकी खड्ड्यात अडकले, की जडत्वामुळे स्वार पुढे फेकला जातो. दुसरी घंटी, कारण विजेची गाडी आवाज न करता येते. तिसरा दिवा. आरसे, झालरी वगैरे हौसेच्या वस्तू दुकानातच राहिल्या तरी चालेल.

आता पिशवी. खरी मेख येथेच आहे. तुमचे वजन ५० किलो आणि हँडलला ४ किलोची पिशवी चाकांच्या आसापासून ३० सेंटिमीटर पुढे लटकते आहे, असे धरा. ४ गुणिले ३० म्हणजे १२०. त्याला ५० ने भागले की २.४. एका जागी स्थिर उभे राहायचे, तर तुम्हांला आपला गुरुत्वमध्य जवळजवळ अडीच सेंटिमीटर मागे न्यावा लागेल. नाही नेला, तर गाडीला वाटते की मालकाला पुढे जायचे आहे, आणि ती चालू लागते! पिशवी झोके घेऊ लागली, तर गाडीही मागेपुढे करते. म्हणूनच सेगवेच्या हँडलवर साडेचार किलोंहून जास्त ओझे टांगू नये, असे सांगितलेले असे. चाकांच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या, घट्ट बांधलेल्या पिशव्या मला अधिक पसंत आहेत. आसाच्या रेषेत असलेले ओझे तोल पुढेही ढकलत नाही आणि मागेही.

पंढरपुरात पोचल्यावर मात्र गाडीची परीक्षा आहे. घाटाच्या पायऱ्या तिला उतरता येत नाहीत. चंद्रभागेच्या वाळवंटात अरुंद चाक रुतते, कारण सारे वजन थोड्याशा क्षेत्रफळावर पडते. वाळूसाठी रुंद, कमी हवेचे टायर असलेला वेगळा प्रकार निघाला होता. आणि एकादशीच्या गर्दीत तर ती नेऊच नये. थांबण्यासाठी मागे झुकायला जागा लागते, ती तेथे कोण देणार?

उरला प्रश्न गाडी तेथवर नेण्याचा. बंद केली की ही तोलाची गाडी म्हणजे नुसते ४७ किलोंचे धूड. जीपचे मागचे दार जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर १८० सेंटिमीटर लांबीची भक्कम फळी लावा. घर्षण सोडले, तर सुमारे १६ किलोंइतकाच जोर लागेल. उतरणीचे गणित तुम्ही शाळेत केलेच आहे. पण उचलण्यापूर्वी गाडी बंद केलीच पाहिजे. चालू गाडी उचलली, की संवेदकांना वाटते तोल जातो आहे. मोटारी चाके जोराने फिरवतात, खाली जमीन नसते आणि बोटे सापडतात. जीपमध्ये ती आडवी ठेवून दोरीने दोन बाजूंनी बांधावी. सोलापूरपासूनच्या सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरांत चालकाने कितीदा ब्रेक दाबला, हे मोकळी गाडी प्रत्येक वेळी पुढे सरकून सांगेल.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात बंद करून ठेवलेली जीप आतून त्याहून कितीतरी तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला अशी उष्णता सोसत नाही. तेव्हा जीप सावलीत उभी करा. विमानाचे नियम तर फारच कडक. प्रवाशाला १६० वॉट-तासांहून मोठी सुटी लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही, आणि सेगवेची बॅटरी त्याच्या दुपटीहून मोठी असते. परदेशातल्या मामाने गाडी आणायचे कबूल केले असेल, तर त्याच्या बॅगेतून ती यायची नाही. मालवाहतुकीच्या वेगळ्या मार्गानेच मागवावी लागेल.