डाग भरल्यानंतरची गोष्ट

कोडाच्या उपचारांकडे मागे वळून पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. गेलेला रंग परत कसा आणायचा, हा पहिला. आलेला रंग टिकवायचा कसा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाशी माणूस फार पूर्वीपासून झगडतो आहे. अथर्ववेदात पांढऱ्या डागांवरची सूक्तं आहेत आणि बावचीचा लेप आयुर्वेदाला जुनाच ठाऊक. दुसरा प्रश्न मात्र १९९०च्या दशकात माझ्यासारख्या रुग्णापुढे कोणी काढलाच नव्हता. डाग भरला की उपचार संपले, अशीच तेव्हाची रीत होती.

माझा पहिला डाग कमरेवर उठला, परकराची नाडी करकचून बांधली जाते नेमका त्या जागी. तेव्हा मुख्य उपचार म्हणजे सोरालेन आणि ऊन. बावचीच्या बियांत असतं तेच हे द्रव्य. १९४०च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी अशाच एका वनस्पतीतलं सोरालेन कोडावर वापरून दाखवलं आणि आधुनिक वैद्यकात त्याची वाट रुळली. गोळी घ्यायची, दोनेक तासांनी गच्चीवर जाऊन डाग उन्हात धरायचा, आणि दिवसभर काळा चष्मा लावायचा. उन्हाचं माप चुकलं की डागावर पाण्याने भरलेला फोड यायचा. घरोघरी कोणी सुचवलं म्हणून बावचीचं तेल चोळून उन्हात बसणाऱ्यांचे हाल तर याहून वाईट. त्या भाजण्यानेच डाग वाढलेले मी पाहिले आहेत.

पण रंग येत असे. डागातल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तपकिरी ठिपका उमटायचा, पांढऱ्या कापडावर तीळ सांडावेत तसा. मग ठिपके पसरत एकमेकांना मिळायचे. असं का होतं, ते पुढे कळलं. रंगपेशींचा राखीव साठा केसाच्या मुळाशी असतो, नवा रंग तिथूनच चढतो. म्हणून डागातले केस काळे असतील तर आशा जास्त. बोटांची टोकं आणि ओठ इथे केसच नाहीत, तिथले डाग हट्टी. चेहरा मात्र सर्वांत आधी प्रतिसाद देतो. ही एवढी गोष्ट पहिल्या भेटीत समजावून सांगितली तरी रुग्णाची किती तरी निराशा टळेल.

वेगाने पसरणाऱ्या कोडाला आवर घालण्याची एक पद्धत दिल्लीच्या एम्समधून आली. पसरिचा आणि खेतान यांनी १९९३ साली आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. रोजच्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम त्यामुळे बरेच कमी होतात, आणि ती पद्धत आजही वापरात आहे. १९९७मध्ये ॲमस्टरडॅममधून नॅरोबँड यूव्हीबी किरणांचे निष्कर्ष आले. सोरालेनच्या गोळीची गरज उरली नाही आणि मुलांना, गरोदर बायकांनाही हा उपचार देता येऊ लागला. ‘लाईट घ्यायला जाते’ हे वाक्य मग आमच्या बोलण्यात रुळलं. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, त्याही कित्येक महिने. नोकरी सांभाळून, एसटीने तालुक्याहून शहरात येऊन हे करणाऱ्यांची चिकाटी कोणत्याच अहवालात नोंदली जात नाही.

आणि तरीही डाग परत येत. बहुतेक वेळा जुन्याच जागी.

याचं कारण समजायला २०१७-१८ साल उजाडावं लागलं. कोड म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच रंगपेशींवर केलेला हल्ला, हे आधीपासून माहीत होतं. नवं कळलं ते असं, की हल्ला शमल्यावरही या पेशींपैकी काही त्वचेतच मुक्काम ठोकतात. त्यांना जुना शत्रू लक्षात असतो. रंगपेशी परतल्या, औषधाचा धाक सुटला, की त्या पुन्हा कामाला लागतात. माझ्या लेखी या तीन दशकांतलं सर्वांत मोलाचं ज्ञान हेच. पथ्य मोडलं, दूध-मासे एकत्र खाल्ले, मनात पाप होतं, असे जे दोष वर्षानुवर्षं रुग्णाच्या माथी मारले गेले, त्यांना यात कुठेच जागा नाही.

व्यवहारातलं उत्तर त्याच्या थोडं आधीच हाती आलं होतं. २०१५ साली फ्रान्समधल्या एका चाचणीत, भरलेल्या डागांवर टॅक्रोलिमस मलम आठवड्यातून दोनदा लावत राहिलं तर काय होतं ते तपासलं गेलं. साधं मलम लावलेल्या डागांपैकी सहा महिन्यांत ४० टक्के पुन्हा पांढरे पडले. औषधी मलमाच्या गटात १० टक्क्यांच्या आत. इतका साधा, इतका स्वस्त उपाय! तो अजून प्रत्येक रुग्णापर्यंत पोचलेला नाही, याची मला चीड येते.

२०२२मध्ये अमेरिकेने रुक्सोलिटिनिब मलमाला मान्यता दिली. गेलेला रंग परत आणण्यासाठी तिथे मंजूर झालेलं हे पहिलं औषध. वर्षभर लावल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन चतुर्थांश भरले. याच कुळातलं टोफासिटिनिब आपल्याकडे वापरतात. त्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. त्वचारोपणाच्या शस्त्रक्रियाही सुधारल्या, पण त्या वर्षभर तरी न हललेल्या डागासाठी.

या सगळ्यात एक गोष्ट बिनखर्चाची आहे. त्वचेला खरचटणं, घासणं, दाब बसणं यातून डाग उठतो. नाडी, चपलेचा पट्टा, घड्याळाचा पट्टा, खरखरीत वजरीने घोटे घासणं, ही रोजची कारणं. टिकलीच्या गोंदातलं एक रसायन तर रंगपेशींना थेट मारतं. कपाळावर मधोमध गोल पांढरा डाग दिसला तर आधी टिकली थांबवा.

समाजाच्या नजरेबद्दलही लिहायला हवं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता’ असोसिएशन उभी केली, कोड असलेल्यांना एकत्र आणलं, विवाह मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ने २००६ साली कोड असलेली डॉक्टर नायिका पडद्यावर आणली. आमच्या पिढीच्या मुलींसाठी ते दिसणं फार मोठं होतं. तरी स्थळ आलं की लांब बाह्यांचं पोलकं अजूनही निघतं. कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगही नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना हरवते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. हे शाळेच्या पाठ्यपुस्तकात यायला हवं.

तुमचा किंवा घरातल्या कोणाचा डाग भरला असेल, तर औषध स्वतःहून बंद करू नका. पुढे काय लावायचं आणि किती दिवस, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि जुन्या डागाच्या कडेला शिंपडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.