चिपाडातली साखर आणि दाबाखालचे गरम पाणी



पाचटापासून आणि बगॅसपासून इथेनॉल होते, ही बातमी आता गावोगाव पोहोचली आहे. त्यामुळे "साहेब, पाचट विकायचे, ठेवायचे की पेटवायचे?" असे शेतकी विभागाकडे विचारले जाते. उत्तर देण्यापूर्वी हे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू.

मिलमधून रस काढल्यावर जे चिपाड उरते, त्यात वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते. कोरड्या भागात सुमारे ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० ते २५ टक्के लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेची लांबच लांब साखळी. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्याचे सांधे वेगळे. म्हणून दाणा आपल्याला पचतो, कडबा पचत नाही. बैलाला पचतो तो त्याच्या पोटातल्या सूक्ष्म जिवाणूंमुळे. थोडक्यात, चिपाडात साखर आहे, पण ती कुलपात आहे.

हे कुलूप सैल करण्याचा एक मार्ग म्हणजे दाबाखालचे गरम पाणी. घरच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. हाच दाब चौरस सेंटिमीटरला १६ किलोच्या आसपास ठेवला, तर २०० अंशांवरही पाण्याची वाफ होत नाही. अशा पाण्यात चिपाड काही मिनिटे ठेवले की हेमिसेल्युलोजमधून ॲसेटिक आम्ल सुटते, म्हणजे सिरक्यातला आंबटपणा. मग तेच आम्ल पुढचे काम करते. बाहेरून ॲसिड घालावे लागत नाही. हेमिसेल्युलोज विरघळते, लिग्निन मऊ पडते, धागे मोकळे होतात. त्यानंतर एन्झाइम आत शिरून सेल्युलोजचे ग्लुकोज करतात आणि यीस्ट त्याचे इथेनॉल करते. या तोडणीत पाणी स्वतःही खर्ची पडते : १६२ किलो सेल्युलोजला १८ किलो पाणी जोडले की १८० किलो ग्लुकोज, असा हा हिशोब आहे.

मग पाणी आणखी तापवून एन्झाइमचा खर्चच वाचवला तर? तेही जमते. ३७४ अंशांपलीकडे आणि हवेच्या सुमारे २१८ पट दाबाखाली सेल्युलोज सेकंदाच्या आतच तुटते. पण गुऱ्हाळातल्या काहिलीसारखेच आहे, वेळ चुकली की करपले. साखरेचे फरफ्युरलसारखे पदार्थ होतात आणि ते यीस्टला मारक ठरतात. शिवाय जाड पोलादाची भांडी लागतात, आणि पाचटाबरोबर आलेली माती-वाळू पंप झिजवते.

हे सारे केवळ प्रयोगशाळेतले नाही. ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथे २०१५ साली बगॅसवरचा मोठा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या भातकाडावरच्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे. या ठिकाणच्या पद्धती नुसत्या गरम पाण्याच्या नसल्या, तरी पहिली पायरी तीच : उष्णता आणि दाबाने काड उकलणे.

आता आपला हिशोब. बगॅस ही कारखान्याच्या बॉयलरची भाकरी आहे. तिच्यावर वाफ आणि वीज दोन्ही चालतात, म्हणून इथेनॉलला द्यायची ती फक्त शिल्लक. पाचट मात्र आपल्या हातात आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळेच धुरात जाते.

तेव्हा आमचे सांगणे सरळ आहे. पाचट पेटवू नका. खोडव्यात सरीत दाबा आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. उद्या कोणी पाचट विकत मागायला आले, तर त्याच्या भावातून आधी या खताची किंमत वजा करा, मग गोळा करण्याची व वाहतुकीची. त्यानंतर काही उरले तरच व्यवहार. आणि तेव्हाही सगळे रान उघडे करू नका, जमिनीचा वाटा जमिनीला ठेवा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग