जुन्या जीपचे मंद दिवे
महिंद्राने १९४० च्या दशकात मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या वंशातल्या जुन्या गाड्या आजही घाट चढतात, पण रात्री दिवे पिवळट, मरगळलेले. दोष बहुधा बल्बचा नसतोच!

६०/५५ वॉटच्या दोन बल्बना मिळून सुमारे १० अँपिअर करंट लागतो. जुन्या वायरिंगमध्ये तो सगळा स्विचमधून फिरून येतो आणि गंजलेल्या जोडांत व्होल्टेज पडतं. ते दहा टक्के घटलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो.

उपाय स्वस्त आणि घरी जमण्यासारखा: रिले, म्हणजे जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर चालणारा वेगळा स्विच, जो बल्बचा मोठा करंट बॅटरीकडून थेट देतो. ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडून जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ ला अर्थ. लो आणि हाय बीमला वेगवेगळे रिले. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो टाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.