दुव्यांचे मोजमाप

एखाद्या ग्रंथाची योग्यता ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. तो ग्रंथ स्वतः वाचून पाहावा, हा पहिला. आणि तो वाचलेल्या जाणत्या मंडळींनी त्याचा उल्लेख कोठे व किती वेळा केला आहे हे पाहावे, हा दुसरा. दुसरा मार्ग आळशी माणसाचा वाटतो खरा. परंतु जेथे ग्रंथांची संख्या लक्षावधींच्या घरात जाते तेथे त्यावाचून गत्यंतर नसते. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढील कोणत्या निवाड्यांत घेतला गेला हे दाखविणाऱ्या सूची अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत आले होते. वैज्ञानिक निबंधांसाठीही तशीच सूची असावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली व १९६४ मध्ये ती प्रत्यक्षात आणली.

संगणकांच्या महाजालावर निबंधाची जागा पृष्ठाने घेतली आणि संदर्भाची जागा दुव्याने. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास हे साम्य हेरले. त्यांच्या पहिल्या शोधयंत्राचे नाव ‘बॅकरब’ असे होते. आपल्याकडे येणाऱ्या दुव्याला इंग्रजीत ‘बॅकलिंक’ म्हणतात, त्या शब्दावर केलेली ती कोटी होय. येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. एखाद्या पृष्ठावरून बाहेर जाणारे दुवे त्या पृष्ठावरच दिसतात. परंतु त्याच्याकडे कोठून कोठून दुवे येतात हे त्या पृष्ठाला ठाऊक नसते. ते जाणून घ्यावयाचे तर साऱ्या महाजालाचा फेरफटका मारून प्रत्येक पृष्ठाची नोंद घ्यावी लागते. असा संपूर्ण फेरफटका कोणालाच शक्य नसल्याने येणाऱ्या दुव्यांची कोणतीही यादी अपुरीच असते. एकाच संकेतस्थळाविषयी दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत, याचे मुख्य कारण हेच आहे.

पेज आणि ब्रिन यांनी १९९८ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘पेजरँक’. तीत दुव्यांची नुसती गणना नाही. दुवा देणाऱ्याचे वजनही हिशेबात धरलेले असते. एका पृष्ठाचे वजन १२ आहे आणि त्यावर ३ दुवे आहेत, असे समजू. प्रत्येक दुव्याच्या वाट्याला ४ येतील. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या पृष्ठावर ६० दुवे असतील, तर प्रत्येकाला ०.२ एवढेच मिळेल. जो सर्वांचीच शिफारस करतो, त्याच्या शिफारशीला किंमत उरत नाही, हा व्यवहारातला अनुभव येथे गणितात उतरला आहे. वाचक दुव्यांमागून दुवे धरीत जाईलच असे नाही. मध्येच कंटाळून तो भलतीकडे वळेल, हे गृहीत धरून या वाट्याला साधारणपणे ०.८५ ने गुणतात. म्हणजे ४ चे ३.४ होतात. अर्थात दुवा देणाऱ्या पृष्ठाचे वजन त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवर अवलंबून असल्यामुळे हा हिशेब एका फेरीत संपत नाही. उत्तर स्थिर होईपर्यंत तो पुनःपुन्हा करावा लागतो.

एवढे समजले म्हणजे या व्यवसायातील परिभाषा फारशी दुर्बोध राहत नाही. एकाच संकेतस्थळाने आपल्या प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी तोच दुवा ठेवला तर येणाऱ्या दुव्यांची संख्या हजारांवर जाईल. पण शिफारस करणारा एकच. म्हणून दुव्यांच्या संख्येपेक्षा दुवे देणाऱ्या भिन्न संकेतस्थळांची संख्या अधिक बोलकी असते. ज्या शब्दांवर दुवा बसविलेला असतो त्यांना ‘अँकर टेक्स्ट’ म्हणतात. दुव्यापलीकडे काय आहे हे शोधयंत्र या शब्दांवरूनही ताडते, आणि ते फसते कसे याचे उदाहरण २००३ साली मिळाले. अनेकांनी संगनमताने ‘घोर अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्र-पृष्ठाचा दुवा बसविला. पृष्ठावर ते शब्द नसतानाही त्यांच्या शोधात ते अग्रस्थानी आले. गूगलने २००७ मध्ये हा प्रकार बंद पाडला. ‘नोफॉलो’ ही खूण २००५ सालची. हा दुवा म्हणजे आमची शिफारस समजू नये, असे तीमुळे शोधयंत्राला कळविता येते. २०१९ मध्ये जाहिरातीच्या व वाचकांनी घातलेल्या दुव्यांसाठी निराळ्या खुणा आल्या.

वस्तुतः संदर्भ देणारा निरपेक्ष असतो, या विश्वासावर ही सारी इमारत उभी होती. संदर्भाला पैशाचे मोल आले आणि तो विश्वास डळमळला. जे. सी. पेनी या अमेरिकन वस्तुभांडाराची हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात कपडे, अंथरुणे, गालिचे असा कोणताही शब्द गूगलवर शोधला तरी हे दुकान अग्रभागी दिसे; एका प्रसिद्ध कंपनीच्या प्रवासी पेट्या शोधणाऱ्यालाही त्या कंपनीच्या आधी पेनीचेच पृष्ठ आढळे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने यामागील रहस्य उघड केले. कपड्यांशी सुतराम संबंध नसलेल्या अक्षरशः हजारो पृष्ठांवर पेनीचे दुवे पेरलेले होते. आपणांस याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. गूगलने कारवाई करताच पेट्यांच्या शोधातील पेनीचे स्थान दोन तासांत पहिल्यावरून ७१ व्यावर गेले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आली आणि विकतच्या दुव्यांवर जगणारी कित्येक संकेतस्थळे दिसेनाशी झाली. त्यांत ज्यांना आपल्या सल्लागाराने काय केले हे ठाऊकच नव्हते, असे लहान व्यापारीही असावेत.

गूगलने एके काळी पेजरँकचा ० ते १० असा ढोबळ आकडा सर्वांना दाखविला होता. दुव्यांच्या बाजारात तोच भावफलक झाला. २०१६ मध्ये तो काढून घेण्यात आला. आज ‘डोमेन ऑथॉरिटी’, ‘डोमेन रेटिंग’, ‘ट्रस्ट फ्लो’ असे जे आकडे अहवालांत आढळतात ते अनुक्रमे मॉझ, एचरेफ्स व मॅजेस्टिक या खाजगी संस्थांचे स्वतःचे अंदाज आहेत. गूगल ते वापरीत नाही. पहिल्या दोहोंची श्रेणी समान पायऱ्यांची नाही. २० वरून ३० वर जाणे सोपे आणि ७० वरून ८० वर जाणे अतिशय कठीण. ‘ट्रस्ट फ्लो’ची कल्पना मात्र काहीशी निराळी, आणि अधिक मार्मिकही म्हणावी लागेल. माणसांनी पारखून घेतलेल्या विश्वासार्ह संकेतस्थळांपासून दुव्यांच्या वाटेने एखादे स्थळ किती जवळ आहे, हे तीत पाहतात. संख्येवर आधारलेला ‘सायटेशन फ्लो’ मोठा आणि ‘ट्रस्ट फ्लो’ अगदीच लहान असेल, तर ते दुवे कोठून आले हे एकेक उघडून पाहावे.

नको असलेले दुवे नाकारण्याची सोय गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये केली. परंतु बहुतेक संकेतस्थळांना तिची गरज पडत नाही, असे तीच संस्था सांगते. कारण पेंग्विनची २०१६ ची आवृत्ती बनावट दुव्यांबद्दल शिक्षा करण्याऐवजी ते सहसा जमेसच धरीत नाही. तरीही ‘घातक दुव्यां’च्या लांबलचक याद्या दाखवून धास्तावलेल्या मालकाकडून साफसफाईचे पैसे घेणारे सल्लागार आढळतात. अशा यादीतील दुवे घाईने नाकारताना एखाद्या शाळेने किंवा ग्रंथालयाने मनापासून दिलेला दुवाही त्यांबरोबर जातो.