सॉफ्टवेअर निर्मितीच्या वाटा

रेल्वेचे तिकीट काढणे, बँकेतून पैसे काढणे, विजेचे बिल भरणे ही कामे आज संगणकाच्या साहाय्याने होतात. संगणकाने कोणते काम कसे करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. ते एका बैठकीत तयार होत नाही. गरज समजून घेणे, आराखडा आखणे, आज्ञावली लिहिणे, चाचणी घेणे, वापरात आणणे आणि देखभाल करणे, अशा टप्प्यांतून ते जाते. या टप्प्यांना मिळून सॉफ्टवेअरचे 'जीवनचक्र' असे म्हणतात. टप्पे बहुधा तेच असतात. मात्र ते कोणत्या क्रमाने आणि किती वेळा पार करायचे, यावरून वेगवेगळी प्रतिमाने निर्माण झाली आहेत.

धबधबा प्रतिमान

धबधब्याचे पाणी खाली पडल्यावर पुन्हा वर चढत नाही. त्याप्रमाणे या प्रतिमानात एक टप्पा पूर्ण झाल्यावरच पुढचा सुरू होतो. प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद राहते. खर्चाचा व वेळेचा अंदाज आधीच बांधता येतो. परंतु तयार वस्तू वापरणाऱ्याच्या हाती अखेरीस पडते. तेव्हा उणीव लक्षात आली, तर दुरुस्ती फार महाग पडते. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली आपल्या लेखात अशा पायऱ्यांचे चित्र काढले होते. पण ही रीत जशीच्या तशी पाळणे धोक्याचे आहे, असा इशाराही त्याच लेखात दिला होता. नियम ठरलेले आणि न बदलणारे असतील, तर हे प्रतिमान उपयोगी पडते.

व्ही प्रतिमान

इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या डाव्या बाजूने गरज व आराखड्याचे टप्पे उतरतात आणि उजव्या बाजूने त्यांच्या चाचण्या चढत जातात. प्रत्येक टप्प्याची चाचणी त्याच वेळी ठरवली जाते. या जोडीचे महत्त्व एका दुर्घटनेवरून कळते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्यात आधीच्या एरियन ४ मधील सॉफ्टवेअरचा काही भाग वापरला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक होता. त्याचा आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. गरजा नोंदवताना नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घेतलीच नव्हती, म्हणून त्यानुसार चाचणीही झाली नव्हती, असे चौकशीत आढळले. जे गरजेत लिहिले नाही, ते चाचणीतून सुटले. विमान, रुग्णालयातील उपकरणे अशा, चूक परवडणार नाही तेथे व्ही प्रतिमान निवडतात.

सर्पिल प्रतिमान

बॅरी बोएम यांनी १९८० च्या दशकात हे प्रतिमान मांडले. यात काम फेऱ्याफेऱ्यांनी वाढत जाते. प्रत्येक फेरीत उद्दिष्ट ठरवायचे, धोके ओळखायचे, नमुना करून पाहायचा आणि मगच पुढची फेरी आखायची. काम मोठे, खर्चिक आणि अनिश्चित असेल, तर ही पद्धत हितावह ठरते. छोट्या कामाला मात्र तिचा व्याप पेलत नाही.

चपळ पद्धती

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी एकत्र येऊन 'अजाइल', म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. यात काही आठवड्यांच्या अंतराने सॉफ्टवेअरचा थोडा, पण चालणारा भाग ग्राहकाला दाखवतात आणि त्याच्या सूचनांनुसार पुढचे काम ठरवतात. गरजा सतत बदलत असतील, उदाहरणार्थ दुकानाचे संकेतस्थळ किंवा मोबाइलवरील अ‍ॅप, तर ही पद्धत सोयीची. मात्र ग्राहकाला वेळ द्यावा लागतो आणि एकूण खर्च आधी सांगणे कठीण जाते.

निवड कशी करावी?

यांपैकी कोणतेही एक प्रतिमान सर्वश्रेष्ठ नाही. निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. गरजा आधीच किती स्पष्ट आहेत? आणि चूक झाली, तर तिची किंमत किती मोजावी लागेल? प्रत्यक्षात अनेकदा दोन प्रतिमानांचा मेळही घातला जातो. रीत कोणतीही असो, सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी घडते त्यांची गरज नीट समजून घेतली नाही, तर पुढचे सारे श्रम वाया जातात.